पाचशे रुपये कशाचे?

पत्र असं आहे:

"काका, नमस्कार. कराडजवळच्या गावातून लिहितेय. आमच्या सहा पिकअप आणि दोन आयशर आहेत. ढोबळी मिरची, टोमॅटो, फ्लॉवर भरून वाशी मार्केटला जातात. हिशेब आणि चालकांचं सगळं मीच बघते. रात्री दोनच्या आत गाडी गाळ्यावर लागली की चालकाला खेपेमागे पाचशे रुपये जादा देतो. महिन्यात ज्याचं डिझेलचं ॲव्हरेज सगळ्यात चांगलं, त्याला दोन हजार. गेल्या महिन्यात आमचा चोवीस वर्षांचा पोरगा खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या एस वळणावर पिकअपसकट उलटला. हात मोडला, जीव वाचला. तेव्हापासून रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. माझ्या मनात आहे, वर्षभर अपघात नाही आणि एकही ई-चलान नाही अशा चालकाला मोटरसायकल बक्षीस द्यावी. आमचे हे म्हणतात, बक्षिसानं माणूस शेफारतो. चलान आलं की पगारातून कापायचं, दोन महिन्यांत सरळ होतील. कोणाचं ऐकू? आणि त्या पोराला परत गाडीवर घ्यावं का?"

ताई,

तुमच्या पत्रातलं मोटरसायकलीचं वाक्य मी एकदा वाचलं, पाचशे रुपयांचं चार वेळा. वेग कमी व्हावा म्हणून बक्षीस ठेवायचा विचार तुम्ही आत्ता करताय, पण वेगासाठीचं बक्षीस तुमच्या घरात आधीपासून चालू आहे. आठ गाड्या, गाडीमागे महिन्याला वीस खेपा धरल्या तर एकशेसाठ खेपा. प्रत्येक खेप वेळेत पोचली तर महिन्याला ८० हजार रुपये. एवढे पैसे देऊन तुम्ही दर महिन्याला घाई विकत घेताय.

रागावू नका. मी सव्वीस वर्षं मालवाहतुकीच्या एका कंपनीत गाड्यांचं काम बघितलं आणि हेच केलं. ते पुढे सांगतो.

आधी चालकाच्या जागी बसून बघा. गाडी साडेसहाला निघायची असते. मिरचीची तोड उशिरा होते, प्रतवारी राहिलेली असते, काट्यावर रांग असते, आणि गाडी भरून त्याच्या ताब्यात येते नऊला. दोनच्या आत गाळा गाठायचा तर हातात पाच तास. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्यातून जेवण, टोलनाके, वाकडपर्यंतची पुण्याची गर्दी आणि घाट वजा करा. उरलेल्या रस्त्यावर तो पळवणार नाही तर काय करणार? उशीर शेतावर झाला, आणि तो भरून काढायचं काम पाचशे रुपयांच्या आमिषानं तुम्ही रस्त्यावर ढकललंत. चोवीस वर्षांच्या पोराला पाचशे म्हणजे दिवसाचा घरखर्च. एस वळण त्याला दिसत होतं, ताई. पण पाचशेही दिसत होते.

कायद्यालाही हे कळतं, हे फार मालकांना माहीत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ वेगमर्यादेबद्दलचं आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला एक ते दोन हजार आणि मध्यम किंवा जड वाहनाला दोन ते चार हजार दंड. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच कलमाखाली जो मालक आपल्या नोकराला मर्यादेबाहेर गाडी चालवायला लावतो, तोही गुन्हेगार ठरतो. अमुक वेळेत पोच असं सांगितलं, आणि वेग मोडल्याशिवाय ते होणं शक्य नव्हतं असं न्यायालयाला वाटलं, तर ते सांगणं हाच मालकाविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. "दोनच्या आत" हे तुमचे शब्द त्या कलमाशेजारी ठेवून वाचा.

आता पळवून मिळतं किती, तेही कागदावर मांडा. ८०च्या जागी ९०नं गेलं तर शंभर किलोमीटरमागे आठ मिनिटं वाचतात. मोकळा रस्ता दीडशे किलोमीटर धरला तरी बारा-तेरा मिनिटं. वाशीत गाळ्यासमोर गाडी खाली व्हायला याहून जास्त थांबावं लागतं. आणि त्या मिनिटांची किंमत? रस्त्यावरचा सरासरी वेग एका टक्क्यानं वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालात त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंपुढे अतिवेग हे कारण लिहिलंय.

डिझेलच्या दोन हजारांबद्दल मला जास्त बोलायचंय. कारण हे बक्षीस मी स्वतः सुरू केलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. डिझेल महागलं होतं. मी साहेबांना सुचवलं, ज्याचं ॲव्हरेज चांगलं त्याला महिन्याला इनाम देऊ. एका चालकाला सलग तीन महिने इनाम मिळालं. मी स्वतः त्याच्या हातात पाकीट दिलं, बाकीच्यांना म्हटलं, याच्याकडून शिका. चौथ्या महिन्यात कसारा घाट उतरताना त्याचे ब्रेक लागले नाहीत. गाडी कठड्याला घासत गेली आणि क्लीनरचा पाय गुडघ्याखाली गेला. नंतर कळलं, तो प्रत्येक उतार न्यूट्रलवर उतरायचा, कधीकधी तर इंजिन बंद करून. आम्ही ज्याला "चांगलं ॲव्हरेज" म्हणत होतो, ते तिथून येत होतं. तो क्लीनर एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या घरी गेलो त्या दिवसापासून मी बक्षीस हा शब्द जपून वापरतो.

तुमचा रस्ता तर उतारांचाच आहे. खंबाटकीचा बोगदा संपला की उतार, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत उतार, पुढे खंडाळ्याचा घाट. नवले पुलाचा उतार तुमच्या चालकांना मी सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री तिथे एका अवजड गाडीच्या धडकेनं ४८ वाहनांचं नुकसान झालं. भरलेली गाडी न्यूट्रलवर सोडली की इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात. इंजिनच बंद केलं तर आयशरच्या एअर ब्रेकची हवा भरायची थांबते, पिकअपच्या ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-चार पायडलांत संपते आणि स्टिअरिंग जड होतं. आणि एवढं करून डिझेल तरी वाचतं का? गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आजच्या इंजिनांत डिझेल जायचं थांबतं, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. लांब तीव्र उतारावर गिअरमध्ये उतरणं स्वस्तही आहे. हे चालकांना एकदा नीट बसवून सांगा. मेकॅनिकला सोबत घ्या, त्याचं ते लवकर ऐकतील.

म्हणून पहिला सल्ला हा: नवीन काही देण्याआधी ही दोन्ही बक्षिसं बंद करा. मात्र चालकाच्या खिशातले पैसे कमी करू नका. तसं केलंत तर तुमच्या काळजीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. पाचशेतले तीनशे सरळ भत्त्यात घाला. गाडी कधीही पोचो, ते त्याचेच. उरलेले दोनशे सांभाळून चालवण्याचे. महिन्याच्या एकशेसाठ खेपांचे ३२ हजार होतात आणि ते तुमच्या आजच्या ८० हजारांतलेच आहेत. नवा खर्च जीपीएसचा, आधीच बसवलेला नसेल तर. डिझेलचा हिशेब ठेवा, पण गाडीचा ठेवा. एखाद्या गाडीचं ॲव्हरेज घसरलं तर गॅरेजला पाठवा.

"सांभाळून" म्हणजे काय, हे मात्र आधी ठरवून कागदावर लिहा. जीपीएसवर गाडीचा वेग दिसतो. सपाटीवर पाटीवरची मर्यादा आणि घाटात घाटाची. माल वाहणाऱ्या मोठ्या गाड्यांना ८०चा स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग बांधणारं यंत्र, लागतो. पण गव्हर्नर असला तरी त्याला घाट कळत नाही. चाळीसच्या पाटीखाली तो गाडीला सुखानं सत्तरनं जाऊ देतो. म्हणून घाटाचे तुकडे वेगळे बघा. बोगद्यात आणि डोंगराआड जीपीएस कधीकधी उडी मारतं, क्षणभर भलताच आकडा दाखवतं. अशा एका ठिपक्यावरून कोणाचे दोनशे कापू नका. मिनिटभर सलग वेग जास्त असेल तरच धरा, आणि चालकाला तो नकाशा मोबाइलवर दाखवा. "मशीन म्हणतंय" एवढ्यावर भांडणं होतात, आणि ती रास्त असतात.

मोटरसायकल मला का नको वाटते? वर्ष फार लांब आहे. फेब्रुवारीत एक चलान आलं की त्या माणसाची मोटरसायकल गेली. पुढचे दहा महिने त्याला सांभाळून चालवायला तुमच्याकडून काहीच कारण उरत नाही. दुसरं, अपघात न होणं यात नशिबाचा वाटा मोठा. तीनशे दिवस शंभरनं पळवणारा सुखरूप राहू शकतो, आणि हळू जाणाऱ्याला मागून कोणी ठोकू शकतं. तुम्ही पहिल्याच्या गळ्यात हार घालाल, आणि बाकीचे सात जण, ज्यांना तो कसा चालवतो हे पक्कं माहीत असतं, बघत राहतील. तिसरी गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते. मोठं बक्षीस अपघाताला बांधलं की अपघात लपवले जातात. बंपर बाहेरच्या बाहेर ठोकून घेतला जातो, ब्रेक एका बाजूला ओढतायत हे सांगितलं जात नाही. एसटीत विनाअपघात सेवेचा सत्कार होतो, बिल्ला मिळतो, आणि तो मानाचा आहे. माझे वडील तो बिल्ला सणाला छातीवर लावायचे. पण त्यामागे वर्षानुवर्षांची नोकरी असते, डेपो असतो, नोंदी असतात. आठ गाड्यांच्या धंद्यात तो तसाच उचलून आणता येत नाही.

लहान, लवकर आणि खात्रीचं असू द्या. दोनशे रुपये दर आठवड्याच्या बाजारादिवशी हातात, कुठल्या खेपेचे मिळाले आणि कुठल्या खेपेचे का गेले हे सांगून. चुकलेल्या खेपेचे दोनशे जातील, पण दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा कोरी.

थोडी गंमत हवी असेल तर त्याचीही सोय आहे. २०१० मध्ये स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला, एक प्रयोग झाला. केविन रिचर्डसन नावाच्या माणसाची कल्पना. रस्त्यावरचा कॅमेरा वेग मोडणाऱ्यांची नोंद घ्यायचाच, पण मर्यादेत जाणाऱ्यांचीही घ्यायचा, आणि मर्यादेत गेलेल्यांमधून सोडत. बक्षिसाचे पैसे दंडातून. तीन दिवसांत तिथून चोवीस हजारांवर गाड्या गेल्या आणि सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरवरून २५वर आला. आकडा सुंदर आहे. पण तो तीन दिवसांचा आहे, ताशी तीसची मर्यादा असलेल्या शहरातल्या रस्त्यावरचा आहे, तिथे कोणाला मिरची घेऊन दोनच्या आत पोचायचं नव्हतं. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की नीट चालवणाऱ्याकडेही कोणीतरी बघतंय हे त्याला कळलं पाहिजे. आपल्याकडचा कॅमेरा फक्त चुकलेल्याला चलान पाठवतो; शंभर खेपा नीट केल्या तर कोणी अवाक्षर बोलत नाही. तुमच्या चालकांना भिशी माहीत आहे. महिन्याअखेर तशीच चिठ्ठी काढा. ज्याच्या जितक्या खेपा स्वच्छ, तितक्या त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या. डिझेलचे ते दोन हजार इथे ठेवा. मुलांना घेऊन या म्हणावं, चिठ्ठी पोरांनी उचलावी.

तुमच्या यजमानांचंही ऐकतो. बक्षिसानं माणूस शेफारतो, असं ते म्हणतात. त्यातली एक गोष्ट खोटी नाही: बक्षीस थांबलं की सवयही थांबते. नेदरलँड्समध्ये २००५च्या सुमारास काही चालकांच्या गाड्यांत यंत्र बसवलं होतं. मर्यादेत चालवलं, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की गुण, आणि गुणांवर बक्षीस. होतं तोवर फार छान फरक पडला, बंद झाल्यावर बरेच जण जुन्या चालीवर गेले. म्हणून दिवाळीपर्यंत चालवू आणि मग बघू, असं करू नका. जे वर्षानुवर्षं देता येईल तेवढंच ठरवा. दोनशे जड वाटत असतील तर दीडशे ठेवा, पण चालू ठेवा.

आणि पगारातून कापण्याबद्दल. वेतनाच्या कायद्यात दंड म्हणून कापण्याला एका पगाराच्या तीन टक्क्यांची मर्यादा आहे, तेही आधी जाहीर केलेल्या कारणासाठी. पंधरा हजारांच्या पगाराला साडेचारशे. दोन-दोन हजारांची चलानं पगारातून कापायचा त्यांचा बेत त्यात बसत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी नको म्हणेन. कापलेला पगार चालक कुठून भरून काढतो? जादा खेपेतून. झोप मोडून केलेल्या खेपेतून. याच कारणासाठी आणखी एक हुशारी टाळा, जी तुम्हाला कोणीतरी सुचवेल: महिन्याच्या सुरुवातीलाच वीस खेपांचे चार हजार द्यायचे आणि चुकेल तसे परत घ्यायचे. मिळण्याच्या आनंदापेक्षा जाण्याचं दुःख माणसाला जास्त लागतं, हे काहनेमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं, आणि ते खरंच आहे. पण तुमच्याकडे ते चार हजार पाच तारखेला किराण्यात आणि शाळेच्या फीमध्ये गेलेले असतात. वीस तारखेला तुम्ही मागितलेत की ती उचल होते. उचल डोक्यावर असलेला माणूस घाटात शांत नसतो.

तरी त्यांना एक काम सांगा, आणि ते त्यांच्याकडूनच होईल: गाडी साडेसहाला सोडणं. शेतकऱ्याला ठणकावून सांगायचं, साडेसहापर्यंत जे भरलं ते जाईल, उरलेला माल उद्या. पहिल्या आठवड्यात भांडणं होतील, एखादा शेतकरी दुसऱ्याची गाडी लावेल. जाऊ द्या. साडेसहाला सुटलेली गाडी एका वाजता वाशीत लागते आणि कोणाला पाचशे द्यावे लागत नाहीत. वेळेत माल आणणाऱ्या शेतकऱ्याला भाड्यात थोडी सूट दिलीत तर ते बक्षीस मला सगळ्यात जास्त आवडेल.

झोपेचं राहिलं. पहाटे दोन ते पाचमधली परतीची रिकामी गाडी भरल्या गाडीइतकीच धोक्याची. चालकाला दिवसाला आठ तास काम, हे १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासून चालत आलंय. तुमच्या चालकांचे प्रत्यक्ष किती होतात ते एकदा मोजा, भरतीच्या वेळी ताटकळल्याचे धरून. आणि एक नियम भिंतीवर लावा: "झोप येतेय, गाडी बाजूला घेतलीय" असा फोन ज्यानं केला, त्याची ती खेप स्वच्छ धरली जाईल, कितीही उशीर होवो. तो फोन तुम्ही स्वतः घ्या. आवाजात नाराजी येऊ देऊ नका. रात्री तीन वाजता हे सोपं नाही, मला माहीत आहे. पण तुमचा एक त्रासिक "बरं" ऐकला की पुढच्या वेळी तो फोन येणार नाही.

हे सगळं ठरवायला चालकांना बोलवा, जेवायला घाला आणि आधी त्यांना बोलू द्या. कुठला टायर गुळगुळीत झालाय, कुठला अडत्या उशिरा आलं की शिव्या देतो, कुठल्या वळणावर पाटी झाडाआड गेलीय, हे तेव्हा कळेल. त्यातलं जे तुमच्या हातातलं आहे, टायर आणि ब्रेक लायनर, ते त्याच आठवड्यात करा. गुळगुळीत टायरवर पाठवून सांभाळून चालव म्हणायला तोंड राहत नाही.

आता तो पोरगा. घ्या परत. हात पूर्ण बरा झाल्याचं डॉक्टरांनी लिहून दिल्यावर घ्या. पिकअपचा खर्च विम्यातून निघेल तेवढा निघेल, उरलेला त्याच्या नावावर टाकू नका. ती घाई तुम्ही मिळून केली होती. पहिला महिना दिवसाच्या, जवळच्या खेपा द्या. मग वाशीला पाठवाल तेव्हा पहिल्या चार-पाच वेळा शेजारी तुमचा सगळ्यात जुना चालक बसवा. त्या जुन्यालाही त्या रात्रीचा पूर्ण भत्ता द्या. बोगदा संपला की तो शेजारून फक्त एवढंच सांगेल, तिसऱ्यावर घे आणि पाय ब्रेकवरून काढ.